लेबल बदलण्याचा अधिकार कुणाचा?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर देशभर लागू झाले आणि बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जीएसटी परिषदेचा निर्णय जाहीर झाला होता ३ सप्टेंबरला, म्हणजे मधे तीन आठवडेसुद्धा नव्हते. तोवर कारखान्यांतून निघून गोदामांत आणि दुकानांत पोचलेल्या असंख्य पट्ट्यांवर, बाटल्यांवर आणि खोक्यांवर जुनीच किंमत छापलेली होती. रायपूरच्या बूढापाऱ्यात बूढा तालाबच्या आसपास जी मेडिकलची दुकानं आहेत, तिथं त्या आठवड्यात काउंटरवरचा ठरलेला संवाद असा: "माताजी, छपाई पुरानी है, रेट नया लगेगा." दर कमी झाल्यामुळे माताजींची तक्रार नव्हती.

दुकानदाराला सरकारनं मोकळं केलं. बाजारात गेलेली औषधं परत बोलावून त्यांवर नवी चिठ्ठी डकवण्याची सक्ती नाही, नव्या किमतींची यादी विक्रेत्यापर्यंत पोचली आणि त्यानं त्या भावानं विकलं तर पुरे, असं औषध किंमत नियामकानं सांगितलं. २०१७ साली जीएसटी आला तेव्हाही जुन्या मालावर स्टिकर लावायला मुदती वाढवून दिल्या होत्या. पण कारखान्याची अशी सुटका नव्हती. नव्या दरानंतर पॅकिंग लाइनवरून निघणाऱ्या प्रत्येक पट्टीवर नवी किंमत हवी, प्रत्येक खोक्यावर हवी, आणि ती सगळ्या कारखान्यांत एकाच वेळी बदलायला हवी. एखाद्या कंपनीची चारशे उत्पादनं असतील, ती पाच ठिकाणी बनत असतील आणि प्रत्येकाचे तीन-तीन पॅक असतील, तर ती किंमत नेमकी किती फायलींत लिहून ठेवलेली आहे हे कंपनीतल्या कुणाला सांगता येतं का? बहुतेक ठिकाणी नाही. मोठ्या संस्थांसाठी लेबल आणि बारकोड छापण्याचं जे खास सॉफ्टवेअर विकलं जातं, ते या प्रश्नावरच उभं आहे.

बूढापारा हा तसा रायपूरचा जुना, शाळा-देवळांचा भाग. १८७७ साली कोवळ्या वयाचे विवेकानंद वडिलांकडे इथं राहायला आले होते, त्यामुळे तालाबाला आता त्यांचं नाव आहे. इथल्या आणि शेजारच्या तात्यापारा, ब्राह्मणपारा या वस्त्यांतल्या मराठी घरांतली मंडळी नोकरीला जातात ती उरला, सिलतरा, भिलाई या बाजूंना. तिकडे लोखंड आहे, सिमेंट आहे, तांदळाच्या गिरण्या आहेत, आणि गेटबाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी चिकटवलेलं, शिवलेलं किंवा तारेनं बांधलेलं असतं. सळयांच्या बंडलावर वितळवलेल्या घाण्याचा, म्हणजे हीट नंबरचा बिल्ला, पोत्यावर गिरणीचं नाव, सुट्या भागांच्या खोक्यावर बारकोड. माल चांगला असूनही केवळ या तुकड्यापायी गाडी परत आली, असं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या विषयाचं महत्त्व सांगावं लागत नाही.

बारकोडचा जन्म सगळ्यांना ठाऊक आहे तेवढाच सांगतो. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना अमेरिकेत १९५२ साली त्याचं पेटंट मिळालं, पण तो वाचायला तेव्हा लेझर नव्हता आणि स्वस्त संगणकही नव्हते. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात रिग्लीच्या च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं आणि गाडी सुरू झाली. भारतात हे क्रमांक देणारी जीएस१ इंडिया ही संस्था १९९६ साली उभी राहिली. ८९० नं सुरू होणारा बारकोड म्हणजे माल भारतात बनला, असा समज व्हॉट्सॲपवर दर सणासुदीला फिरतो. तो चूक आहे. ८९० चा अर्थ एवढाच की तो क्रमांक जीएस१ इंडियानं दिला. माल कुठंही बनलेला असू शकतो.

बारकोडखालच्या तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा हा पहारेकरी असतो. ८९०१२३४५६७८९ हे पहिले बारा आकडे घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले की ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. उरलेले मिळवले की ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४, त्याची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला काही कमी पडत नाही, म्हणून तेरावा आकडा ०. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर हे गणित जुळत नाही आणि स्कॅनर गप्प राहतो. बारकोडनं चुका टाळायची सोय पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. घोळ होतो तो बारकोड छापला जाण्याच्या आधी.

कारखान्यात साधारणपणे काय चित्र असतं? डिस्पॅचच्या संगणकावर एक लेबलची फाइल, स्टोअर्समध्ये दुसरी, क्वालिटीवाल्यांकडे तिसरी. फायलींची नावं 'फायनल', 'न्यू फायनल', 'न्यू फायनल २'. डेटा येतो एक्सेलमधून, आणि एक्सेलला लांब आकडे मुळीच मानवत नाहीत. तेरा आकडी क्रमांक अरुंद रकान्यात टाकला की तो दशांशचिन्ह आणि 'ई' लावून आखडून दाखवतो. सुरुवातीची शून्यं गिळून टाकतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे पंधरा आकड्यांच्या पुढचं तो ठेवतच नाही. पॅलेटवर जो जागतिक पद्धतीचा क्रमांक लावतात तो अठरा आकडी असतो. रकाना मजकूर म्हणून न ठेवता आकडा म्हणून ठेवला, तर शेवटचे तीन आकडे निमूटपणे शून्य होतात. त्या तिनांत दोन आकडे अनुक्रमाचे आणि एक पहारेकऱ्याचा, म्हणजे लागोपाठच्या शंभर पॅलेटांना एकच क्रमांक. पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही. समोरच्याच्या गोदामात दुसरा पॅलेट स्कॅन झाला की फोन येतो.

मोठ्या संस्थेचं लेबल सॉफ्टवेअर डेटापासून छपाईपर्यंतच्या या मधल्या वाटेवरून माणसाचं बोट काढून घेतं. बारटेंडर, नाइसलेबल, लॉफ्टवेअर, कोडसॉफ्ट ही त्यातली नावाजलेली नावं. यातल्या नाइसलेबल आणि लॉफ्टवेअर या कंपन्या २०२१ साली एकत्र आल्या. रचना सगळ्यांची साधारण सारखी. लेबलांचे नमुने एका मध्यवर्ती सर्व्हरवर राहतात आणि प्रत्येक बदलाची आवृत्ती जपली जाते. सॅप किंवा कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारी जी काही संगणक-प्रणाली (ईआरपी) असेल ती उत्पादनाची ऑर्डर निघाली की बॅच, तारीख, किंमत, संख्या असा डेटा पाठवते. सॉफ्टवेअरची एक सेवा त्या डेटाची वाट पाहत बसलेली असते. ती कोणत्या मालाला, कोणत्या ग्राहकाला, कोणत्या देशाला कोणता नमुना लागतो ते ठरवते, त्यात डेटा भरते आणि योग्य प्रिंटरकडे धाडते. लाइनवरच्या माणसाला पडद्यावर दोन-तीन चौकोन दिसतात: ऑर्डर नंबर, किती प्रती, छापा. फॉन्ट, जागा, बारकोड यांना हात लावायची त्याला सोयच नसते.

म्हणजे विकत घेतलेल्या गोष्टीचा गाभा अधिकारांची वाटणी हा आहे. नमुना काढणार कोण, तपासणार कोण, चालू करणार कोण, आणि छापणार कोण. चार कामं, चार नावं. जिथं एकाच माणसाकडे चारही असतात तिथं महागडं सॉफ्टवेअर घेऊनही जुनाच कारभार नव्या पडद्यावर चालतो. माझ्या मते अशा प्रकल्पांचं यश विक्रेत्यावर फारच थोडं अवलंबून असतं. 'हे लेबल कुणाचं?' या प्रश्नाला मार्केटिंग, क्वालिटी आणि आयटी या तिघांनी तीन उत्तरं दिली, तर तिथं आधी भांडण मिटवायला हवं. खरेदी नंतर.

पुन्हा छापणं हा त्यातला सर्वांत नाजूक भाग. रोल मधेच संपला, रिबन तुटली, लेबल वाकडं आलं, की माणूस सहज पुन्हा छापतो. पहिलं लेबल कचऱ्यात गेलं तर ठीक. ते खिशात किंवा टेबलावर राहिलं तर एकाच क्रमांकाचे दोन खोके तयार होण्याची वाट मोकळी. म्हणून चांगल्या व्यवस्थेत पुन्हा छापायला कारण लिहावं लागतं, शिफ्ट इन्चार्जची मंजुरी लागते आणि कुणी, केव्हा, किती छापले याची नोंद पुसता येत नाही. औषध कंपन्यांत हे ऐच्छिक नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९७ सालीच इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्या यांचे नियम केले. गोव्यातले किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यातले जे कारखाने अमेरिकेला औषधं पाठवतात, त्यांच्याकडे तपासनीस आला की तो लेबलांचा हिशेबही मागतो. किती छापली, किती लागली, किती फाडली. बेरीज जुळलीच पाहिजे.

आता थोडं कागदाच्या जवळ जाऊ. लेबलच्या प्रिंटरमध्ये शाईची बाटली नसते. उष्णतेचे बारीक ठिपके रिबन वितळवून कागदावर उतरवतात. आपल्याकडे सर्रास दिसणारे स्वस्त प्रिंटर २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके, प्रत्येक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. दुकानी मालावरच्या तेरा आकडी बारकोडमध्ये सर्वांत बारीक रेघेची प्रमाण जाडी ०.३३ मिलिमीटर ठरवलेली आहे, आणि ती ८० टक्क्यांपर्यंतच कमी करता येते, म्हणजे ०.२६४ पर्यंत. दोन ठिपक्यांची रेघ ०.२५ ची होते, म्हणजे नियमाखाली. तीन ठिपक्यांची ०.३७५, म्हणजे जवळजवळ ११४ टक्के. थोडक्यात, त्या प्रिंटरवर प्रमाण मापाचा बारकोड निघूच शकत नाही. एक तर मोठा छापा, नाही तर ३०० डीपीआयचा प्रिंटर घ्या, ज्यावर चार ठिपक्यांत ०.३३९ चं माप जवळपास बसतं. हे माहीत नसलेला माणूस बारकोडचं चित्र वर्डमध्ये चिकटवतो आणि कोपरा धरून ओढतो. मग काही रेघा दोन ठिपक्यांच्या, काही तीनच्या होतात. डोळ्याला बारकोड देखणा दिसतो, स्कॅनर तीनदा फिरवावा लागतो. ठिपक्यांचा हिशेब सॉफ्टवेअर आपोआप सांभाळतं, पण त्याला प्रिंटर नेमका कोणता हे खरं सांगितलेलं असेल तरच.

आपल्या भाषेचा प्रश्न इथं वेगळाच उभा राहतो. पुष्कळ कारखान्यांत ईआरपीमधून थेट प्रिंटरच्या भाषेत आज्ञा जातात. झेब्रा कंपनीची झेडपीएल ही त्यातली सर्वांत पसरलेली. 'या जागी हा मजकूर या फॉन्टमध्ये' इतकंच ती सांगते. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक बसतात, काम होतं. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी साठवली जाते क नंतर आणि दिसायला हवी क च्या आधी. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. जोडाक्षरांत अर्धी अक्षरं होतात. ही जुळणी करायची अक्कल साध्या लेबल प्रिंटरकडे नसते, आणि 'किंमत' असं काही छापून येतं की वाचणाऱ्यानं चिडावं. उपाय सोपा आहे: सॉफ्टवेअरनं संगणकावरच अक्षरं जुळवायची आणि मजकूर चित्र म्हणून पाठवायचा. छपाई किंचित मंदावते, एवढीच किंमत. तरीही 'प्रिंटरला मराठी येत नाही' असं सांगून लेबल इंग्रजीत उरकणारे विक्रेते आहेत. त्यांना हे ऐकवावं.

तारखेचंही तसंच. सर्व्हर बसवताना विंडोजचं रूप अमेरिकी राहिलं तर ४ मे चा ५ एप्रिल होतो, आणि महिन्याच्या बारा तारखेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. मुदतीच्या मालावर ही चूक महागात जाते.

औषधांच्या पॅकवर जो चौकोनी कोड दिसतो त्यात तारीख, बॅच अशा गोष्टी दाटीवाटीनं भरलेल्या असतात. जागतिक पद्धतीत प्रत्येक माहितीच्या आधी तिची खूण येते: ०१ म्हणजे उत्पादनाचा क्रमांक, १७ म्हणजे मुदतीची तारीख, १० म्हणजे बॅच, २१ म्हणजे त्या एका पॅकचा स्वतःचा अनुक्रमांक. तारखेची लांबी ठरलेली आहे, सहा आकडे. बॅचची ठरलेली नाही. म्हणून बॅच मधे आली तर ती कुठं संपली हे सांगणारं एक अदृश्य चिन्ह तिच्यामागे घालावं लागतं. ते राहिलं की वाचणारी यंत्रणा पुढची तारीखही बॅचमध्येच ओढून घेते. छापील मजकूर अगदी बरोबर, कोडमधला चुकीचा. माणसानं नुसतं पाहून हे कधीच कळणार नाही, म्हणून नवा नमुना मंजूर करताना तो छापून, स्कॅन करून, आलेला मजकूर ईआरपीतल्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय सही करू नये.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नावाजलेल्या औषधांच्या पॅकवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. डोलो, ॲलेग्रा, शेलकल, कालपोल ही त्यातली घराघरांत असणारी नावं. कोडमध्ये औषधाचं शास्त्रीय आणि बाजारी नाव, निर्मात्याचं नाव-पत्ता, बॅच, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक हे यायला हवं. बॅच प्रत्येक वेळी बदलते, त्यामुळे हा कोड आधीच छापून आणलेल्या फॉइलवर चालत नाही. तो लाइनवरच उमटवावा लागतो, आणि पॅकिंगच्या वेगाशी जुळवून घेत उमटवावा लागतो. कंपन्यांना खरी धावपळ झाली ती इथं. नियम चांगला आहे, पण अपुरा आहे असं मला वाटतं. एका बॅचच्या सगळ्या पट्ट्यांवर एकच कोड असेल, तर बनावट माल काढणारा तोच कोड उतरवून घेऊ शकतो. युरोपात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरी चिठ्ठीवरच्या औषधांच्या प्रत्येक खोक्याला स्वतंत्र अनुक्रमांक असतो आणि औषध हातात देताना तो नोंदीशी पडताळला जातो. त्या पद्धतीत एकच क्रमांक दोनदा आला की घंटा वाजते.

व्यवस्था प्रत्यक्ष बसवताना एका रात्रीत सगळे कारखाने नव्या पद्धतीवर आणू म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते. एक लाइन, एक ग्राहक, एक प्रिंटर इथून सुरू करावं, आणि जुनी पद्धत काही आठवडे बाजूला जिवंत ठेवावी. तिसऱ्या शिफ्टला नेटवर्क गेलं तर काय, हे आधी ठरवावं. सर्व्हर रायपूरला आणि प्लांट जंगलाकडेला असेल तर नेटवर्क तुटतंच. तेव्हा धरमकाट्यावर ट्रक उभे आणि लेबल निघत नाही, अशा वेळी माणूस कपाटातून जुनी एक्सेलची फाइल काढतो आणि केलेली सगळी शिस्त त्या रात्री मोडते. यासाठी प्लांटमध्येच मंजूर नमुन्यांची एक स्थानिक प्रत ठेवता येते. नेटवर्क आलं की नोंदी मुख्य सर्व्हरवर जातात. ही सोय आहे का, असा प्रश्न विक्रेत्याला पहिल्याच बैठकीत विचारावा.

सामानाकडे दुर्लक्ष करू नये. रिबनशिवाय, नुसत्या उष्णतेनं काळं होणारं स्वस्त लेबल कुरियरला चालतं. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उन्हात उभ्या ट्रकमधल्या खोक्यावर तेच लेबल टिकत नाही. मेणाची रिबन बोटानं घासली जाते, तेल किंवा रसायन लागणाऱ्या ड्रमला राळेची लागते. गरम सळयांच्या बंडलाला तर कागद चालतच नाही, तिथं धातूचा बिल्ला. यांपैकी काहीही सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही, आणि प्रकल्प फसल्यावर शिव्या मात्र सॉफ्टवेअरला बसतात.

पैशांचं एक सांगून ठेवतो. या सॉफ्टवेअरचे परवाने अनेकदा वापरणाऱ्यांच्या संख्येवर नसून प्रिंटरच्या संख्येवर असतात. कारखान्यात प्रिंटर किती, हे विचारल्यावर मिळणारा आकडा आणि फिरून मोजल्यावर येणारा आकडा क्वचितच सारखा असतो. बंद पडलेले, उसने नेलेले, एखाद्या साहेबांच्या केबिनमध्ये ठेवलेले असे निघतात.

तेव्हा उरल्यात, सिलतऱ्यात किंवा चाकणला, कुठंही असाल आणि तुमच्या संस्थेत ही खरेदी ठरत असेल, तर विक्रेत्याला बोलावण्याआधी एक काम करा. गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या लेबलचा एकेक नमुना गोळा करा, वहीत चिकटवा आणि प्रत्येकाखाली लिहा: यातला डेटा कुठून येतो, आणि यातली एखादी ओळ बदलायचा अधिकार कुणाचा. ज्या लेबलखाली नाव लिहिता येणार नाही, तिथून कामाला सुरुवात करा.